शिवण सरळ आहे

शाळेतल्या प्रत्येक शर्यतीत तिचा शेवटचा नंबर ठरलेला होता. शंभर मीटर असो, चमचा-गोटी असो की तीन पायांची शर्यत, शिट्टी वाजली की पहिली चार पावलं ती सगळ्यांच्या बरोबरीने टाकायची आणि त्यानंतर तिच्यापुढे नुसत्या पाठी असायच्या. थोरल्या भावाने तिचं नाव 'शेपूट' ठेवलं आणि ते असं चिकटलं, की खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. तिला मात्र याचं फारसं दुःख नव्हतं. पुढे पळणाऱ्याला फक्त शेवटची रेघ दिसते, मागून पळणाऱ्याला बरंच काही दिसतं. कुणाचा शर्ट दर पावलाला वर सरकतोय, कुणाची बाही काखेशी, मुंढ्यात काचते म्हणून हात आखडलाय, कुणाची मान लेबल टोचून टोचून लाल झालीय, हे सगळं ती धापा टाकत बघायची. एकदा शर्यत संपल्यावर पहिल्या आलेल्या मुलीला शाबासकी द्यायचं सोडून ती म्हणाली, "तुझ्या शर्टाची शिवण वाकडी आहे गं, डावीकडे ओढतेय." ती मुलगी पुढे महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

हे नसतं वेड आलं कुठून, तर आत्याकडून. आत्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची तिरकी खोली. एक मशीन, एक इस्त्री, बटणांचे डबे आणि दारावर पाटी: 'नवे शिवत नाही. फक्त दुरुस्ती.' शाळा सुटली की शेपूट तिथे जाऊन बसायची. जिन्यावरून कुणी धाडधाड उतरलं की छताची माती मशीनवर पडायची आणि आत्या मान वर न करता शिवी हासडायची. कुठलाही कपडा हातात आला की ती आधी उलटा करायची. "वरून सगळेच साजरे दिसतात. शिवणारा कसा आहे ते आत कळतं," असं तिचं म्हणणं. आणि कुणी गिऱ्हाईक लाजत लाजत म्हणालं, की मीच जाड झालोय हो, तर आत्या दात ओठ खाऊन सांगायची, "कपडा होत नसेल तर चूक कपड्याची. माणसाला काही उसवता येत नाही." हे वाक्य शेपटीने त्या वयात शंभरदा ऐकलं असेल, आणि शंभरदा ऐकलेल्या गोष्टीचं होतं तेच झालं. ते तिच्या कानावर पडायचं थांबलं.

पुढे ती कपड्यांचं डिझाइन शिकली, शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात दोन वर्षं नुसते खिसे शिवले, आणि एके दिवशी खेळाचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. कंपनी कसली, तीन मजल्यांची जुनी इमारत. खाली गोदाम, मध्ये मशिनी, वर सॅम्पल रूम. मालक फुटबॉलचे वेडे. त्यांनी प्रश्न विचारला, "आमच्याकडेच का यायचंय?" ती म्हणाली, "मगाचपासून तुम्ही तीनदा उजवं कोपर वर केलंत. तुमचा शर्ट काखेत काचतोय. तुमच्याच कंपनीचा आहे ना?" मालक इतके मोठ्याने हसले की बाहेरचा टायपिस्ट डोकावून गेला. नोकरी मिळाली, आणि पहिलं कामही तेच, काखेतली शिवण.

तिने काय केलं, तर दोन्ही कुशीतल्या शिवणी काढूनच टाकल्या. अख्खा शर्ट एका तुकड्यात कापायचा, अंगाभोवती गुंडाळायचा आणि पाठीच्या मधोमध, कण्याच्या खोबणीत, एकच चपटी शिवण मारायची. धावताना हात कशालाच घासत नाहीत. मानेचं लेबल काढून तिथे नुसता छाप मारला, आणि कमरेला मागच्या बाजूला घराच्या किल्लीपुरता एक चिमुकला खिसा ठेवला. शेवटून पळणारीलाच सुचावं असं सगळं होतं ते. त्या शर्टाने कंपनीला नाव मिळवून दिलं आणि तिला सॅम्पल रूममधलं खिडकीजवळचं टेबल.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. तयार नमुना कुणाच्या तरी अंगावर चढवून बघावा लागतो. त्यासाठी मागवलेला पुतळा प्रवासात मानेपासून तुटून आला. तेव्हा पॅटर्न कापणाऱ्या मास्तरांनी जिन्यातून खाली हाक मारली, "अडतीस छाती, बत्तीस कंबर कुणाची आहे रे?" माल पाठवण्याच्या विभागातला एक सडसडीत कारकून वर आला. त्याला लाकडी स्टुलावर उभं केलं आणि टेप लावली, तर काय, भिंतीवरच्या मापांच्या तक्त्यातून उचलून आणल्यासारखा! मीडियम म्हणजे मीडियम. त्या दिवसापासून त्याचं नावच मीडियम पडलं. हजेरीच्या वहीत सही करताना स्वतःचं मूळ नाव आठवायला त्याला क्षणभर थांबावं लागायचं.

नवा पुतळा मग कधी मागवलाच नाही. पुतळा बोलत नाही, मीडियम बोलायचा. डोळे मिटून स्टुलावर उभा राहायचा आणि सांगायचा, "ताई, उजव्या खांद्यावर एक टाका मोठा पडलाय." उसवून बघावं तर खरंच मोठा. ती पुढून सगळं तपासायची, खडूने खुणा करायची आणि सगळ्यात शेवटी त्याच्या मागे जाऊन उभी राहायची. मानेपासून कमरेपर्यंत नजर एकदा खाली, एकदा वर. मग म्हणायची, "शिवण सरळ आहे. उतरा." हे तीन-चार शब्द ऐकल्याशिवाय मीडियम स्टुलावरून पाय खाली ठेवत नसे. एकदा आगीच्या सरावाची घंटा वाजली, सगळी इमारत रिकामी झाली, आणि हा स्टुलावर तसाच उभा. "ताईंनी उतरा म्हटलं नव्हतं," म्हणाला.

घरी तो बायकोला सांगायचा, "या शहरात जो जो पळतोय ना, तो माझ्या मापाचा शर्ट घालून पळतोय." बायको म्हणायची, "आणि तुम्ही कधी पळणार?" यावर मीडियम विषय बदलायचा.

अशी सतरा वर्षं गेली. ती मुख्य डिझायनर झाली. मास्तर निवृत्त झाले. थोरल्या मालकांनी खुर्ची मुलाला दिली, आणि धाकटे साहेब ब्रँडिंग शिकून ताजे ताजे आले. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक वाक्यात 'इमेज' हा शब्द यायचा आणि भिंतीवरच्या ओल्या डागालासुद्धा तो इमेज खराब करतोय म्हणायचा. त्यांनी ठरवलं की कंपनीची जाहिरात आता झोकात झाली पाहिजे. मोठा फोटोग्राफर बोलावला आणि फोटोसाठी एक पोहणारा तरुण आणला. काय त्याची छाती, काय ती कंबर! मशीनवरच्या बायका जेवणाची सुट्टी नसतानाही वर येऊन बघून गेल्या.

फोटो काढणं सुरू झालं. पोहणारा दिव्यांसमोर उभा होता आणि पुढून शर्ट असा चापूनचोपून बसला होता की धाकटे साहेब खूश झाले. सतरा वर्षांच्या सवयीने ताई चालत त्याच्या मागे गेली.

पाठीवर चिमटे होते. मानेपासून कमरेपर्यंत, मागे गोळा केलेलं कापड आवळून धरणारे एकोणीस चिमटे. शिवण कुठे गेली होती याचा पत्ताच नव्हता. पोहणाऱ्याने मान न वळवता हळूच विचारलं, "ताई, श्वास घेऊ का?"

"घ्या, पण थोडाच," फोटोग्राफरचा मदतनीस म्हणाला.

तिला आधी त्या पोराचाच राग आला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! एवढी बारीक कंबर असते का कुणाची? पण सॅम्पल रूममध्ये परत आल्यावर तिने भिंतीवरचा मापांचा तक्ता बघितला, आणि पोहणाऱ्याचं माप तर तक्त्याबरहुकूम होतं. मग तिने मास्तरांचं जुनं कपाट उघडलं, मागच्या बाजूला खिळ्याला टांगलेलं सतरा वर्षांपूर्वीचं पहिलं पुठ्ठ्याचं पॅटर्न काढलं आणि टेबलावर या वर्षीच्या पॅटर्नवर ठेवलं. पोटाशी दोन्हीकडून चार चार बोटं फरक. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण बोट खाली.

घोळ काय झाला होता तो तिच्या एका क्षणात ध्यानात आला. दर हंगामात नवं पॅटर्न मागच्या हंगामाच्या पॅटर्नवरून कापायचं, ही त्यांची रीत. नमुना मीडियमच्या अंगावर चढवायचा. मीडियम म्हणायचा, "ताई, पोटात जरा घट्ट होतंय," आणि ती अर्धं बोट सैल सोडायची. मीडियम तीस वर्षांचा होता तो सत्तेचाळिसाचा झाला. लग्न झालं, बायको सुगरण निघाली, पोट सुखाने वाढत गेलं. मालाच्या पिशव्या डाव्या खांद्यावर टाकून टाकून तो खांदा उतरला. आणि त्या पोटाबरोबर, त्या खांद्याबरोबर, कंपनीचा मीडियमही गुपचूप वाढत आणि उतरत गेला. मीडियमवरूनच स्मॉल आणि लार्ज निघतात, म्हणजे सगळीच मापं वाढली. सतरा वर्षांत तक्त्याकडे एकदाही कुणी बघितलं नाही. कुणी म्हणजे तिनेच. ते तिचं काम होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती गप्प बसू शकली असती. तसा तिचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुठ्ठे बगलेत मारून ती धाकट्या साहेबांसमोर उभी राहिली. "चूक माझी आहे. मीडियमची नाही."

साहेबांनी पुठ्ठे बघितले, कपाळाला हात लावला. पण ओरडले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पुढच्या हंगामापासून सगळं तक्त्याप्रमाणे. आणि स्टुलावर हा पोहणारा उभा राहील. मीडियमना खाली भरपूर काम आहे."

"ते सतरा वर्षं उभे आहेत, साहेब."

"म्हणूनच तर हे झालं ना, ताई."

तिने पंधरा दिवस मागून घेतले, कशासाठी ते तिचं तिलाही धड माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की एक माणूस रोज स्टुलावर चढताना ताठ होतो, आणि तो स्टूल तिच्या चुकीमुळे त्याच्या पायाखालून जाणार होता. त्याला सांगायचं म्हणून ती दोनदा गोदामात उतरली. दोन्ही वेळा काहीतरी भलतंच विचारून परत आली.

तिने विचार केला, माप खरं की तक्ता खरा, हे एकदा बघू तरी. तक्ता कुणी, कुठे, कुणाच्या अंगावरून काढला होता देव जाणे. मग तिने टेप, वही आणि एक घडीचं टेबल घेतलं आणि सकाळी सातला मैदान गाठलं. टेबलावर पुठ्ठा लावला: 'पळणाऱ्यांची मापं फुकट घेऊन मिळतील.' लोक थबकायचे, वाचायचे आणि कुणीतरी वेडी बाई आहे असं समजून पुढे पळायचे.

तेवढ्यात ट्रॅकच्या वळणावरून एक आकृती येताना दिसली. चेहरा टोमॅटोसारखा लाल, श्वास भात्यासारखा, आणि अंगात कंपनीचा अगदी पहिल्या वर्षीचा शर्ट. तो शर्ट इतका वर चढला होता की बेंबीने सकाळचं ऊन बघितलं. मीडियम!

तिला बघून तो थांबला. आधी शर्ट खाली ओढला, मग कमरेवर हात ठेवून दम खात राहिला.

"तुम्ही? पळताय?"

"चिमटे कुणी गोळा करून डब्यात भरले, ताई?" तो म्हणाला. "मीच. एकोणीस होते. मला कळायला काय कुणी तार करायला हवी?"

"मग हे काय चाललंय?"

"पंधरा दिवस आहेत म्हणे. म्हटलं, पोट कमी करू. पुन्हा अडतीस-बत्तीस झालो तर स्टूल माझाच ना?"

"अहो, सतरा वर्षांचं पोट पंधरा दिवसांत जातं का कुठे?"

"काल एक बोट गेलं होतं," मीडियम म्हणाला. मग प्रामाणिकपणे पुढे जोडलं, "रात्री जेवल्यावर परत आलं."

ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मैदानाच्या कडेला, हातात टेप घेऊन. "चूक माझी आहे हो. तुम्ही घट्ट होतंय म्हणायचात आणि मी सैल सोडत गेले. तक्ता बघितलाच नाही. आता तुम्हीच बारीक व्हायला निघालात." आणि बोलता बोलता, जिन्याखालच्या खोलीतलं ते शंभरदा ऐकलेलं वाक्य तिला आज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकू आलं. माणसाला काही उसवता येत नाही. तिने डोळे पुसले. "पळा खुशाल, तब्येतीला बरं. पण मापासाठी नको. इकडे या, वही धरा."

मीडियम टेबलाशी आला आणि लोकांचे जथेच्या जथे यायला लागले. त्याला बोलावता येत होतं. "या काका, या! माप देणाऱ्याला इथे बसायला मिळतं!" एवढ्यावर दमलेले लोक लगेच वळायचे. पहिली अडचण अशी निघाली की टेप लावली रे लावली की जो तो पोट आत ओढतो. पोस्टमन, दाताच्या डॉक्टरीणबाई, शाळेचे मुख्याध्यापक, कुणी म्हणून सुटलं नाही. खरं माप मिळेना. तेव्हा मीडियमने युक्ती काढली. तिने टेप गुंडाळली की तो गंभीर चेहऱ्याने एखादा विनोद सांगायचा. माणूस हसायचा, कोंडलेला श्वास सुटायचा, पोट आपल्या जागेवर यायचं, आणि ती पटकन आकडा वाचायची. एका आजोबांना विनोद कळलाच नाही, त्यांना तीनदा समजावून सांगावा लागला. चौथ्यांदा ते मीडियमचं केविलवाणं तोंड बघून हसले, आणि माप मिळालं.

बारा सकाळी हे चाललं. आठव्या दिवशी तर लोक मापासाठी येईनात, विनोदासाठी रांग लावू लागले. एक गोलमटोल गृहस्थ म्हणाले, "मी तुमच्याच कंपनीचा मीडियम घालतो. दुसऱ्या कुठल्याही दुकानात गेलो की मी डबल एक्स्ट्रा लार्ज. तुमचा शर्ट घातला की पळावंसं वाटतं. नाहीतर मी घरातच बसलो असतो." ताईने हे वाक्य वहीत मापाच्या रकान्यात लिहून ठेवलं.

तेराव्या दिवशी तिने सगळी मापं मांडली. तीनशे बारा माणसं. तक्त्यात नेमकी बसणारी एकूण चौदा. आणि निम्म्याहून जास्त माणसं अशी, की ज्यांना स्टुलावरच्या मीडियमचा शर्ट जशाचा तसा झाला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या सामान्य माणसाचं माप शोधायला ती मैदानात येऊन बसली होती, तो सतरा वर्षं तिच्यासमोर डोळे मिटून उभा होता. फक्त डाव्या खांद्याचं प्रकरण वेगळं होतं. कुणाचा डावा उतरलेला, कुणाचा उजवा. तो दोष मात्र मीडियमचा खासगी निघाला.

पंधराव्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. बरोबर वही होती आणि मीडियम होता.

"साहेब, आधी जरा उभे राहा," ती म्हणाली.

"मी? कशाला?"

"माप."

साहेब उभे राहिले. अर्थातच त्यांनी पोट आत घेतलं. मीडियम घसा खाकरून म्हणाला, "साहेब, भिंतीवरचा तो ओला डाग आहे ना, कालपासून त्याला जाहिरातीत घ्या म्हणून मागे लागलाय. म्हणतो, इतकी वर्षं पसरतोय, माझी पण काही इमेज आहे." साहेब बेसावध होते. फस्सकन हसले. ताईने आकडा वाचला आणि वही त्यांच्यापुढे धरली. धाकटे साहेब, वय वर्षं चौतीस, तंतोतंत मीडियमच्या पंगतीत बसत होते.

त्यांनी आकडा दोनदा बघितला. "बरं. मग आता म्हणणं काय?"

"शर्टाचे दोन प्रकार करू," ती म्हणाली. "एक सडपातळ, तो पोहणाऱ्याच्या मापावर. एक भरदार, तो मीडियमच्या. मानेवरच्या छापात छाती-कंबरेचा खरा आकडा टाकू, म्हणजे कुणाची फसवणूक नको. उतरलेला खांदा मी सरळ करते. स्टूल दोन ठेवू."

"आणि जाहिरात? एवढा खर्च केलाय फोटोंवर."

मग तिने आयुष्यात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. "मी शाळेत प्रत्येक शर्यतीत शेवटची आले, साहेब. घरी मला शेपूट म्हणतात. शर्यतीत पहिला येणारा एकच असतो. उरलेले सगळे पुढच्याच्या पाठी बघत पळतात. आपलं गिऱ्हाईक ते उरलेले सगळे आहेत. तर फोटो पाठीचे काढा. खऱ्या माणसांचे, मैदानावरच्या. पाठीवर चिमटे लपवता येत नाहीत."

साहेबांनी एकदा भिंतीवरच्या डागाकडे बघितलं. मग फोन उचलला आणि फोटोग्राफरला म्हणाले, "परत या. आणि या वेळी चिमटे आणू नका."

महिन्याभरात जाहिरात लागली. बारा पाठी. पोस्टमनची, डॉक्टरीणबाईंची, विनोद न कळलेल्या आजोबांची, पोहणाऱ्याचीही. खाली दोनच शब्द: 'मागून बघा.' आणि मोठ्या चौकात, तीन मजले उंच फलकावर, एकट्या मीडियमची पाठ. त्याच्या बायकोने बसमधूनच ओळखली. "डावा खांदा खाली म्हणजे आमचेच," असं तिने बसमधल्या सगळ्यांना सांगितलं. मीडियम संध्याकाळी फलकाखाली जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. पंधरा मिनिटं झाली, कुणी ओळखेना. मग त्याला अक्कल सुचली आणि तो पाठमोरा उभा राहिला. पहिल्याच बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवून सलाम ठोकला.

भावाचा फोन आला. "शेपटे, चौकात एवढी मोठी पाठ कुणाची टांगलीस?" जिन्याखालची खोली केव्हाच बंद झाली होती, पण आत्या होती. ताईने नवा शर्ट तिच्या मांडीवर ठेवला. आत्याने तो आधी उलटा केला, चष्मा कपाळावर ढकलून शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बरा आहे." आत्याच्या तोंडून 'बरा' म्हणजे काय, ते तिच्या हाताखाली बसलेल्यालाच कळेल. ताईला दिवसभर दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी शहरात पाच किलोमीटरची दौड झाली. तिने नाव घातलं. शाळा सुटल्यापासून ती एकाही शर्यतीत उतरली नव्हती, लोकांना पळायला कपडे देत बसली होती. वय चव्वेचाळीस, अंगात स्वतःच्या हाताने कापलेला भरदार मीडियम, मागच्या खिशात घराची किल्ली. शिट्टी वाजली. पहिली चार पावलं ती सगळ्यांबरोबर होती, आणि मग व्हायचं तेच झालं. सगळे पुढे गेले.

पण काय त्या पाठी होत्या! लाल, निळ्या, हिरव्या, रुंद, अरुंद, वाकलेल्या, ताठ, आणि त्यातल्या कितीतरींवर मधोमध तिची ती एक शिवण. कुणाचा शर्ट वर सरकत नव्हता. कुणाचं कोपर आखडलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या खिशातली किल्ली जागची हलत नव्हती. शेवटून पहिलं येण्यातही इतकं सुख असू शकतं, हे तिला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ती धापा टाकत होती आणि एकटीच हसत होती. तिसऱ्या किलोमीटरला तिने मनात म्हटलं, चला, शेपूट ती शेपूटच.

तेवढ्यात तिला मागे पावलं ऐकू आली. जड, सावकाश, आणि भात्यासारखा तो ओळखीचा श्वास. उभ्या आयुष्यात शर्यतीत तिच्या मागे कधी कुणी नव्हतं. तिची पाठ कधी कुणी बघितलीच नव्हती. ती वळणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"वळू नका, ताई. ताठ राहा जरा." मानेपासून कमरेपर्यंत नजर एकदा खाली, एकदा वर फिरण्याइतका वेळ गेला. मग मीडियम म्हणाला, "शिवण सरळ आहे. पळा."